यादीत नाव नाही

मागच्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात विषय होता नागरिकत्व. बोलणं झालं, चहा झाला, पोरं उठायच्या बेतात होती. तेवढ्यात मागं भिंतीला टेकून बसलेल्या एका पोरानं हात वर केला. म्हणाला, "दादा, परदेशात काही आपत्ती आली की सरकार तिथल्या आपल्या लोकांसाठी विमान पाठवतं. इथं आमची वस्ती पुरात बुडाली तर तलाठी तिसऱ्या दिवशी उगवतो. मग परदेशातल्यांना दिलेली मदत बरोबर की चूक?"

वर्गात लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, चूक. पैशाच्या मागं देश सोडून गेले, त्यांचं ओझं आपण का वाहायचं? दुसरा म्हणाला, बरोबर. नागरिक जगाच्या पाठीवर कुठंही असो, नागरिकच. दोघंही तावातावानं बोलत होते आणि दोघांचंही मला अर्धंच पटत होतं. मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. "पुढच्या वेळी बघू" म्हणून वेळ मारून नेली. एक तर उत्तर तयार नव्हतं. आणि दुसरं एक कारण होतं, ते जरा लाजेचं आहे. ते पुढं सांगतो.

आधी एक किनारा बघू. कारण असल्या प्रश्नाचा विचार हवेत केला की माणूस भाषण ठोकायला लागतो.

एक लाट, दोन परदेशी

२६ डिसेंबर २००४. सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा इंडोनेशिया, थायलंड, श्रीलंका, भारत या देशांच्या किनाऱ्यांवर येऊन आदळल्या. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर फांग-नगा नावाचा प्रांत आहे. तिथं खाओ लाक म्हणून समुद्रकाठचा पट्टा आहे, हॉटेलांनी भरलेला. नाताळच्या सुट्टीत युरोपातली माणसं थंडी चुकवायला तिथं येतात.

त्या सकाळी त्या किनाऱ्यावर दोन जातीचे परदेशी होते. पहिले म्हणजे स्वीडन, जर्मनी, फिनलंडहून मौजेला आलेले पर्यटक. दुसरे म्हणजे ब्रह्मदेशातून, आजच्या म्यानमारमधून, पोटासाठी आलेले मजूर. हॉटेलांच्या विटा वाहणारे, मासेमारीच्या बोटींवर जाळी ओढणारे, रबराच्या मळ्यात पहाटे उठून चीक गोळा करणारे. दोघंही परकेच. लाट दोघांवर एकच आली. थायलंडमध्ये पाच हजारांवर माणसं मेली, त्यात जवळपास निम्मी परदेशी.

स्वीडननं त्या त्सुनामीत ५४३ माणसं गमावली. स्वीडनचं सरकार सुरुवातीला गाफील राहिलं. त्याच संध्याकाळी त्यांच्या परराष्ट्रमंत्री लैला फ्रेइवाल्ड्स नाटक बघायला गेल्या होत्या. पुढं देशभर संताप उसळला. चौकशी आयोग बसला. २००५ च्या डिसेंबरात त्यानं अहवाल दिला, सरकार वेळेवर हललं नाही असा ठपका ठेवला, आणि त्याची जबाबदारी थेट पंतप्रधान योरान पेर्सन यांच्यापर्यंत नेली. हजारो मैलांवर सुट्टीला गेलेल्या नागरिकांसाठी सरकार उशिरा हललं, म्हणून पंतप्रधानाला जाब द्यावा लागला. मला हे वाचून त्यांचा राग आला नाही, हेवा वाटला. सरकार असतं ते असं असतं.

आणि ब्रह्मी मजूर? ते किती मेले याचा खात्रीचा आकडा कधीच निघाला नाही. मेलेला माणूस मोजायचा तर तो जिवंत असताना कोणीतरी मोजलेला असावा लागतो. नोंदणी झालेल्या मजुराचं मूळ कार्ड बऱ्याचदा मालकाच्या पेटीत असायचं आणि मजुराच्या खिशात त्याची झेरॉक्स. लाटेत पेटी गेली, झेरॉक्सही गेली. ज्यांची नोंदणीच नव्हती त्यांचं तर विचारायलाच नको. वाचलेले मजूर मदत छावणीकडं गेले नाहीत. ते रबराच्या मळ्यांत आणि डोंगरात लपून बसले, कारण पोलीस धरतील आणि सीमेपार ढकलतील ही भीती. भीती खोटी नव्हती. ब्रह्मी लोक लुटालूट करतायत अशी आवई उठली आणि पुढच्या दिवसांत शेकड्यांनी मजूर धरून परत पाठवले गेले. ज्याची बायको वाहून गेली त्याला तिचं प्रेत शोधायला जायची छाती होईना.

प्रेतांची ओळख पटवायला तीसहून जास्त देशांची तज्ज्ञ पथकं आली. ओळख पटवायची रीत ठरलेली: दातांची नोंद, बोटांचे ठसे, डीएनए. स्वीडनच्या माणसाच्या दातांची नोंद त्याच्या गावच्या दाताच्या डॉक्टरकडं होती, ती मागवून घेतली. थाई माणसाचे ठसे त्याच्या सरकारी ओळखपत्राबरोबर नोंदलेले. ब्रह्मी मजुराचा दात दुखला तर तो रात्रभर गाल धरून बसणार आणि सकाळी कामाला जाणार. त्याची नोंद कुठून येणार? डीएनए जुळवायचा तर रक्ताच्या नातेवाइकानं पुढं यावं लागतं. नातेवाईक मळ्यात लपलेले, नाहीतर सीमेपलीकडं. ताकुआ पा गावच्या वाट यान याओ या विहाराच्या आवारात प्रेतं ओळीनं ठेवली होती. ज्यांची ओळख पटलीच नाही अशी साडेतीनशेहून जास्त माणसं त्याच भागातल्या एका दफनभूमीत पुरली आहेत. थडग्यावर नावाच्या जागी आकडा. त्यातले बरेचसे ब्रह्मी मजूर असावेत असंच तिथं मानलं जातं.

दोन्ही देश बौद्ध. मरणारा बौद्ध, किनारा बौद्धांचा, प्रेतं ठेवली ती जागासुद्धा विहाराची. आपण जयंतीला बौद्ध राष्ट्रांची नावं अभिमानानं घेतो. १९५४ साली बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते हेही सांगतो. सांगावंच. पण त्या दफनभूमीतले आकडेही ध्यानात ठेवावे लागतील.

ब्रह्मदेशात तेव्हा लष्कराची राजवट होती. तिनं या मजुरांच्या मागं उभं राहायचं नाव काढलं नाही. धावले ते मजुरांचेच गट, काही थाई वकील आणि मानवी हक्कांचं काम करणारी माणसं. लष्कराचं कशाला नवल करायचं? २००८ च्या मे महिन्यात नर्गिस चक्रीवादळानं खुद्द ब्रह्मदेशात लाखावर माणसं मेली, तेव्हा बाहेरची मदत आत येऊ द्यायला याच लष्करानं अडवणूक केली, आणि प्रेतं पाण्यात तरंगत असताना आपल्या राज्यघटनेवर सार्वमत उरकून घेतलं. घरातल्याला जे सरकार विचारत नाही ते दारोदार फिरणाऱ्याला काय विचारणार?

फटीतला माणूस

आता त्या पोराच्या प्रश्नाकडं येऊ. परदेशात राबायला गेलेला माणूस दोन राज्यांच्या फटीत असतो. जिथं तो राबतो तिथलं सरकार म्हणतं, हा आमचा नागरिक नाही. जिथून तो आला तिथलं सरकार म्हणतं, आपत्ती आमच्या हद्दीत झालेली नाही. एरवी ही फट दिसत नाही. दोन्ही सरकारांना त्याचे पैसे दिसतात: एकाला त्याच्या घामाचे, दुसऱ्याला त्यानं घरी पाठवलेल्या मनिऑर्डरचे. भूकंप झाला, पाणी आलं, की फट उघडते आणि माणूस आत जातो.

म्हणून पहिलं उत्तर सरळ आहे. आपत्तीत परदेशातल्या आपल्या माणसांना सरकारनं दिलेली मदत बरोबरच आहे. ते उपकारही नव्हेत. २००९ साली भारत सरकारनं परदेशातल्या अडचणीतल्या भारतीयांसाठी एक निधी काढला, इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड. निराधार झालेल्याला राहायला जागा, परतीचं तिकीट, दवापाणी, मेलेल्याचं प्रेत घरी आणणं, अशा कामांसाठी. हा पैसा मुख्यतः येतो कुठून? दूतावासात पासपोर्ट-व्हिसाच्या कामांवर जी जादा फी लावतात तिच्यातून. म्हणजे परदेशात राबणाऱ्यानं स्वतःच भरलेला पैसा. त्याला खिरापत म्हणायचं कारण नाही.

आणि 'देश सोडून पैशाच्या मागं गेले' हे जे आपलं पोरगं म्हणालं, त्याला मी विचारतो, कोण गेले? अमेरिकेतला इंजिनियर तेवढा डोळ्यापुढं आणू नकोस. दहावी पास नसलेल्या माणसाला आपलं सरकार वेगळा पासपोर्ट देतं. त्यावर इ.सी.आर. अशी नोंद असते, म्हणजे आखातासारख्या ठरावीक देशांत मजुरीला जायचं तर आधी वेगळी परवानगी काढा. मजूर फसवला जाऊ नये म्हणून हा नियम आहे असं सांगतात, आणि ते खोटंही नाही. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडते: एकाच देशाच्या पासपोर्टातसुद्धा वरची आळी आणि खालची आळी आहे. खालच्या आळीत कोण असणार हे तुम्हाला सांगायला नको. आपल्यातली शिक्षणाला मुकलेली पोरं तिथंच आहेत. तेव्हा 'परदेशातले' म्हटलं की लगेच 'पांढरपेशे' म्हणून हात झटकू नका.

इथवर वर्गातला दुसरा गट जिंकला असं वाटेल. थांबा.

सात मे आणि आठ मे

२०२० साली करोनाची साथ आली. आपल्याकडची टाळेबंदी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लावली होती, म्हणजे कायद्याच्या नजरेत ती आपत्तीच होती. परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणायला सरकारनं वंदे भारत मोहीम काढली. ७ मे २०२० च्या रात्री अबुधाबी आणि दुबईहून पहिली विमानं केरळात उतरली. तिकिटाचे पैसे प्रवाशांनी भरायचे होते. ज्याचा पगार तीन महिने थकला त्यानं काय भरायचं, हा प्रश्न तिथंही होताच. पण विमान गेलं. सरकारला वाटलं, ही आपली माणसं आहेत, आणली पाहिजेत.

त्याच रात्री जालन्याहून काही मजूर रुळांच्या कडेनं चालत निघाले होते. जालन्यातल्या लोखंडाच्या कारखान्यात राबणारे, मध्य प्रदेशचे, बहुतेक आदिवासी. भुसावळला गावाकडची गाडी मिळेल या आशेवर. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली. सोळा माणसं गेली. रुळांवर पोळ्या विखुरल्या होत्या, त्यांचे फोटो सगळ्या देशानं पाहिले.

रात्री विमान उतरलं, पहाटे मालगाडी गेली. मध्ये काही तासच. आपल्यातला कोणी म्हणेल, बघा, विमानावर खर्च केला म्हणून रुळावर माणसं मेली. मी तसं म्हणणार नाही. तो हिशेब खोटा आहे. विमान रद्द केलं असतं म्हणून रुळावरचा माणूस वाचला नसता. मला दिसतं ते वेगळंच. जे सरकार समुद्रापलीकडच्या माणसाला 'आपला' म्हणू शकतं, त्याला जालन्याच्या पुढचा माणूस 'आपला' का वाटला नाही? तोही घरापासून शेकडो मैल लांब होता. त्यानं सीमा ओलांडली होती ती राज्याची, देशाची नव्हे, एवढाच फरक. त्याच्याकडं पासपोर्ट नव्हता कारण आपल्याच देशात फिरायला पासपोर्ट लागत नाही, असं आपण शाळेत शिकलो होतो.

१९३१ साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर सांगितलं की मला मायभूमी नाही. त्या वाक्यावर आपण टाळ्या वाजवतो. त्याचा अर्थ मात्र अशा पहाटे कळतो. मायभूमी म्हणजे नकाशा नसतो. आपण संकटात असताना जी धावते ती मायभूमी. त्या हिशेबानं खाओ लाकच्या ब्रह्मी मजुराला मायभूमी नव्हती आणि करमाडच्या रुळावरच्या माणसालाही नव्हती. एक परदेशात होता, दुसरा स्वदेशात, बस्स.

नुकसान कशानं मोजायचं

त्सुनामीची तीच लाट त्याच सकाळी तामिळनाडूच्या नागपट्टिणमलाही आली. भारतात दहा हजारांहून जास्त माणसं मेली, त्यातली सहा हजारांवर एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात. इथं तर सरकार आपलंच. कागद आपले, भाषा आपली. भारत सरकारनं तेव्हा ताठ मानेनं बाहेरची मदत नाकारली आणि उलट श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला आपली जहाजं पाठवली.

किनाऱ्यावर काय चाललं होतं? कुजलेली प्रेतं उचलायला गावोगावचे सफाई कामगार आणले होते. कोण ते सांगायला नको. मदत छावण्यांमधून दलितांना हाकललं, त्यांना वेगळं बसवलं, मदत संस्थेनं ठेवलेल्या टाकीचं पाणी विटाळेल म्हणून पिऊ दिलं नाही, अशा बातम्या त्या दिवसांत आल्या. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्सुनामी आली तोवर पाऊणशे वर्षं उलटून गेली होती, आणि भांडण पाण्याचंच.

यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नुकसानभरपाई बोटी आणि जाळी यांवर मोजली जात होती. बोट बुडाली तर एवढे, जाळं फाटलं तर एवढे. दलित माणसाकडं बोट नव्हती. तो दुसऱ्याच्या शेतावर, दुसऱ्याच्या मासळीवर राबणारा. खारं पाणी शेतात शिरलं, मजुरी बुडाली, पण त्याच्या नावावर बुडालेली वस्तू कोणती? काही नाही. मग नुकसान? शून्य. ज्याच्याजवळ काही नव्हतं त्याचं काही गेलंच नाही, असा हा हिशेब. खाओ लाकला माणूस कागदानं मोजला, नागपट्टिणमला बोटीनं.

हे तामिळनाडूचं म्हणून सोडू नका. आपल्या मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सात हजारांहून जास्त माणसं मेली. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं कशी दिली माहीत आहे? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वरच्याला ७५०. भूकंपानं सगळ्यांच्या भिंती एका पातळीला आणल्या होत्या. सरकारनं टेप लावून त्या पुन्हा वरखाली केल्या. भूमिहीनाच्या घरी माणसं कमी मेली नव्हती. पण घर माणसांवर नाही, सातबाऱ्यावर मोजलं गेलं.

तेव्हा मदत परदेशातल्याला की स्वदेशातल्याला, हा मुळातला प्रश्नच नाही. मुळातला प्रश्न हा, की मदत देणारा मोजतो काय. कागद मोजतो, बोट मोजते, सातबारा मोजतो, की समोर भिजून उभा असलेला माणूस मोजतो?

"आपल्यालाच पुरत नाही"

इथं एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. मदत अपुरी असते. शंभर पोती आणि पाचशे घरं. मग आधी आपल्याला दिलं तर चुकलं काय? आईसुद्धा आधी आपल्या लेकराला घास देते.

आईचं ठीक आहे. आई राज्य करत नाही. राज्य करणाऱ्यानं आणि वाटप करणाऱ्यानं आईची भाषा बोलायला सुरुवात केली की समजावं, कोणाचं तरी ताट ओढलं जाणार. आपल्यावर हजारो वर्षं जे झालं ते याच भाषेत झालं. गाव आपलं, पाणी आपलं, देव आपला, आणि आपण म्हणजे कोण हे ते ठरवणार. नागपट्टिणमला दलितांना टाकीपासून हाकलणारे कोणी जमीनदार नव्हते. मच्छीमारच होते, ज्यांची लेकरं त्याच लाटेत गेली होती. गरीब, दुःखी, लुबाडलेली माणसं. दुःखानं माणूस आपोआप मोठा होतो हे कवितेत ठीक आहे. दुःखी माणूससुद्धा त्याच्याहून खालच्याला रांगेतून बाहेर काढतो.

आणि आता ते लाजेचं कारण.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. कृष्णाकाठच्या एका गावात आमच्या मंडळानं धान्याची पाकिटं वाटली. सरकारी मदत आपल्या वस्तीला शेवटी मिळते हे ठाऊक होतं, म्हणून आम्ही वर्गणी काढली, मुंबईच्या मित्रांनी टेम्पो भरून पाठवला. गोंधळ नको म्हणून रेशनकार्डावरून यादी केली. यादी माझ्या हातात. वस्तीच्या कडेला, ओढ्यापलीकडं, पाच-सात पालं होती. कर्नाटकातून दगडाच्या कामाला आलेली कुटुंबं. पालं वाहून गेली होती, माणसं रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली होती. त्यातली एक बाई रांगेत येऊन उभी राहिली. काखेत पोर. मी यादी बघितली आणि म्हणालो, "बाई, यादीत नाव नाही. तुमच्या गावाकडं मागा, तिथलं सरकार देईल."

ती म्हणाली, "आमी ह्याच पाण्यात नव्हतो काय?"

मागून कोणीतरी म्हणालं, चल पुढं, चल. ती गेली. दोन दिवसांनी आठ पाकिटं उरली होती, ती घेऊन मी ओढ्यापलीकडं गेलो. रस्त्याच्या कडेला कोणी नव्हतं.

माझ्या तोंडून निघालेलं वाक्य नीट बघा. थायलंडमधल्या शिपायानं ब्रह्मी मजुराला यापेक्षा वेगळं काय सांगितलं असेल? आपापल्या सरकारकडं मागा. मला त्या क्षणी वाटलं होतं की मी शिस्त पाळतोय. कारकुनाला असंच वाटतं. अभ्यासवर्गात त्या पोरानं प्रश्न विचारला तेव्हा माझ्या कानात त्या बाईचा प्रश्न वाजला आणि म्हणून मी गप्प बसलो.

घटना काय म्हणते, धम्म काय म्हणतो

घटनेची प्रत काढा आणि मूलभूत हक्कांचं प्रकरण पुन्हा वाचा. पंधरावं, सोळावं, एकोणिसावं कलम नागरिकाबद्दल बोलतं. नोकरीतली समान संधी, भाषणस्वातंत्र्य, हे नागरिकाचे हक्क. पण चौदावं आणि एकविसावं कलम बघा. कायद्यापुढची समानता आणि जीविताचा हक्क. तिथं नागरिक हा शब्द नाही, व्यक्ती हा शब्द आहे. हा शब्द चुकून पडलेला नाही. मत द्यायला नागरिक असावं लागतं. जगायला माणूस असणं पुरतं. १९९६ साली अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं, की नागरिक नसलेल्याच्याही जिवाचं रक्षण करणं राज्याला भाग आहे.

बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही, बुद्धाकडून घेतली. बंधुता शब्दाची आपण फार लवकर सोय लावली. बंधू म्हणजे आपला समाज, त्यातही आपली पोटजात, त्यातही आपला गट. त्यांनी धम्म सांगताना करुणेच्याही पुढं मैत्री ठेवली. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जिवांना कवेत घेणारी. तिला यादी नसते. ती निभवायला अवघड आहे, म्हणून तर तिला धम्म म्हणायचं. सोपी असती तर मंडळाचा ठराव पुरला असता.

मग उत्तर काय

त्या पोराला आज मी असं सांगेन.

परदेशात आपत्तीत सापडलेल्या आपल्या माणसाला सरकारनं धावून मदत केली तर विरोध करू नकोस. उलट ती मदत इ.सी.आर. पासपोर्टवाल्या मजुरापर्यंत पोचली का, फुकट पोचली का, ज्याचा पासपोर्ट मालकानं दाबून ठेवला त्याच्यापर्यंत पोचली का, हे विचार. ते विमान माप म्हणून हातात घे. समुद्रापलीकडं जाता येतं हे सरकारनं स्वतःच दाखवून दिलंय, तेव्हा आता ओढ्यापलीकडं जाता येत नाही ही सबब चालणार नाही. तुझ्या वस्तीचा तलाठी तिसऱ्या दिवशी का आला हे विचारताना ते विमान त्याच्या टेबलावर ठेव.

आणि दुसरं. आपल्या मातीवर परका माणूस आपत्तीत सापडला, ओडिशाचा असो, बिहारचा, नेपाळचा की नाव न सांगणारा, तर त्याला त्याच्या सरकारचा पत्ता विचारू नकोस. ज्याचं सरकार लांब आहे, किंवा नाहीच, त्याचं त्या क्षणापुरतं सरकार तूच. स्वीडनच्या माणसाला स्वीडन होतं. ब्रह्मी मजुराला तिथले चार वकील आणि मजुरांचे गट होते. तेवढेच होते, पण होते. आपण त्या चारांतले.

मंडळाच्या पोरांना एक कामाची गोष्ट सांगून थांबतो. पुढच्या पावसाळ्याआधी यादी करायला बसाल तेव्हा वहीचं पहिलं पान कोरं सोडा. वस्तीच्या कडेची पालं, वीटभट्टीवरच्या खोपटी, बांधकामावरचे पत्र्याचे शेड, पुलाखालचा संसार, यांच्यासाठी. तिथं नावं मिळणार नाहीत, मिळाली तर लिहिता येणार नाहीत. मग आकडा लिहा: पालं सात, माणसं एकतीस. आणि वाटप त्या पानापासून सुरू करा. आपली पाकिटं शेवटी कमी पडतील. पडू द्या. आपल्याला भांडायला सरकार आहे, मोर्चा आहे, कोर्ट आहे, हे अंक काढणारे हात आहेत. त्या बाईकडं यातलं काहीच नव्हतं. तिच्याकडं एक प्रश्न होता आणि तो बरोबर होता.

जयभीम.